पुनरुज्जीवनविषयक रुग्णेच्छा

पुनरुज्जीवनविषयक रुग्णेच्छा : हृदयक्रिया किंवा श्वसनक्रिया बंद पडल्यास ती पुन्हा चालू करण्याचे प्रयत्न आपल्यावर करावेत की करू नयेत, याविषयी रुग्णाने भान शाबूत असताना व्यक्त केलेली इच्छा. छाती दाबून हृदयास बाहेरून मर्दन करणे, तोंडावाटे अथवा यंत्राने कृत्रिम श्वसन देणे, श्वासनालात नळी घालणे, विजेचा आघात देणे व उत्तेजक औषधे टोचणे या क्रियांचा पुनरुज्जीवनात समावेश होतो. ही इच्छा दयामरणाच्या मागणीहून भिन्न आहे. दयामरणात मृत्यू घडवून आणण्याची विनंती असते. येथे आपोआप आलेला मृत्यू परतविण्याचा प्रयत्न हवा की नको, एवढाच प्रश्न असतो. लोकव्यवहारात, आणि पुष्कळदा न्यायालयीन चर्चेतही, या दोहोंची गल्लत झालेली आढळते. ‘पुनरुज्जीवन नको’ असे लिहिलेल्या रुग्णाचे अन्य उपचार, वेदनाशमन व शुश्रूषा चालूच ठेवावयाची असतात, हेही अनेकदा विसरले जाते. [⟶ दयामरण मृत्यू].

ऐतिहासिक समालोचन : बुडालेल्या माणसास पुन्हा शुद्धीवर आणण्याचे उपाय सर्व समाजांत जुने आहेत, परंतु त्यांना संघटित रूप अठराव्या शतकात आले. बुडालेल्यांच्या प्राणरक्षणासाठी अ‍ॅम्स्टरडॅम येथे १७६७ मध्ये व लंडन येथे १७७४ मध्ये संस्था स्थापन झाल्या. त्यानंतर जवळजवळ दोन शतके हे शास्त्र अपघातग्रस्तांपुरतेच मर्यादित राहिले. क्लॉड बेक या अमेरिकन शस्त्रवैद्याने १९४७ मध्ये उघड्या छातीतील हृदयास विजेचा आघात देऊन एका मुलाचे प्राण वाचविले. पॉल झॉल यांनी १९५६ मध्ये छाती न उघडता तेच साधले. कोपनहेगन येथे १९५२ साली बालपक्षाघाताची साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन यांच्या सूचनेवरून वैद्यकीय विद्यार्थ्यांनी आळीपाळीने हातांनी पिशवी दाबून रुग्णांचा श्वास दिवसचे दिवस चालू ठेवला. आजचा अतिदक्षता विभाग या अनुभवातूनच जन्मास आला. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील कौवेनहोव्हेन, ज्यूड व निकरबॉकर यांनी १९६० मध्ये बंद छातीवरील हृदयमर्दनाची पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या पहिल्या २० रुग्णांपैकी १४ वाचले.

हे यश विस्मयकारक होते; मात्र त्या रुग्णांपैकी अनेकांचे हृदय भूल दिली असताना किंवा शस्त्रक्रियेच्या ओघात थांबले होते, म्हणजे मूळचे शरीर पुष्कळसे धडधाकट होते. पद्धत सोपी असल्याने ती झपाट्याने पसरली आणि कर्करोगाने वा जरेने क्षीण झालेल्या, मृत्यू अपेक्षितच असलेल्या रुग्णांवरही ती सर्रास वापरली जाऊ लागली. अशा शरीरावर छाती दाबल्याने बरगड्या मोडतात, हृदय क्षणभर चालते व पुन्हा थांबते. बऱ्याच वेळा मेंदूस प्राणवायू न मिळाल्याने मनुष्य जगतो, पण शुद्धीवर येत नाही. ज्या उपायाने अकालमृत्यू टळतो, त्याच उपायाने स्वाभाविक मृत्यू लांबतो, हा या विषयातील मूळ पेच होय.

आरंभी डॉक्टरांनी हा पेच रुग्णास न विचारताच सोडविला. लंडनच्या नीझ्डन रुग्णालयात १९६७ मध्ये लावलेल्या एका सूचनेत ६५ वर्षांवरील तसेच कर्करोग व जुनाट छातीचे वा मूत्रपिंडाचे विकार असलेल्या रुग्णांचे पुनरुज्जीवन करू नये, असा आदेश होता. ती सूचना उघडकीस आल्यावर मोठा गहजब झाला. अमेरिकेत १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वैद्यकीय मानकांत, असाध्य व्याधीच्या अखेरीस अपेक्षित मृत्यू आला असता पुनरुज्जीवन करणे युक्त नाही आणि तसा निर्णय रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदवावा, असे म्हटले गेले. निर्णय कोणाचा, या प्रश्नाला तोंड फुटले ते १९७६ मध्ये. त्या वर्षी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन क्विनलन या बेशुद्ध तरुणीचे श्वसनयंत्र काढण्यास तिच्या वडिलांना अनुमती दिली. यंत्र काढल्यावरही ती १९८५ पर्यंत जगली, ही गोष्ट वैद्यकीय भाकितांच्या मर्यादा दाखविणारी आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्निया राज्याने जीवनावधी वाढविणारे उपचार नाकारणाऱ्या लेखी इच्छापत्रास कायदेशीर मान्यता दिली. १९९० च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेतील रुग्णालयांवर, दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णास या हक्काची माहिती देण्याचे बंधन घातले.

इच्छा कशाने बदलते, याचा शोध यानंतर सुरू झाला. डेन्व्हर येथे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत वृद्ध बाह्यरुग्णांपैकी ४१ टक्क्यांनी प्रथम पुनरुज्जीवन हवे असे सांगितले. त्यातून जगून घरी जाण्याचा संभव किती, हे समजावून सांगितल्यावर ते प्रमाण २२ टक्क्यांवर आले. दुर्धर आजाराने वर्षभरच आयुष्य उरले असल्याची कल्पना करावयास सांगितली, तेव्हा तर माहितीपूर्वी ११ व माहितीनंतर ५ टक्केच होकार राहिला. रुग्णाचे मत घडविणारी माहिती त्याला सहसा डॉक्टरांकडून मिळत नाही, हेही दिसून आले. अमेरिकन दूरचित्रवाणीवरील लोकप्रिय मालिकांच्या १९९६ मधील एका अभ्यासात पडद्यावरच्या पुनरुज्जीवनांपैकी सु. तीन-चतुर्थांश यशस्वी झाल्याचे आढळले. प्रत्यक्ष रुग्णालयातील यश याच्या जवळपासही नसते. पाच रुग्णालयांतील नऊ हजारांहून अधिक गंभीर रुग्णांच्या, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष अधिक खेदजनक होता : पुनरुज्जीवन नको असणाऱ्या रुग्णांची ही इच्छा त्यांच्या डॉक्टरांपैकी ४७ टक्क्यांनाच ठाऊक होती. इच्छा असणे, ती बोलणे आणि ती ऐकली जाणे या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका : रुग्णेच्छा हा शब्द नवा असला, तरी अंतसमयी उपचार थांबविण्याची कल्पना या प्रदेशास अपरिचित नव्हती. प्राण जाण्याच्या वेळी माणसास खाटेवरून भुईवर घेणे, मुखात गंगोदक व तुळशीपत्र घालणे, आप्तांना बोलावून घेणे हे आचार मृत्यू ओळखून त्याला सामोरे जाण्याचे आचार होत. अतिदक्षता विभागात यांपैकी एकही शक्य होत नाही. जैनांची सल्लेखना व हिंदू परंपरेतील प्रायोपवेशन यांत देहत्यागाचा स्वेच्छेने केलेला निश्चय आहे. मात्र परंपरेचा दाखला देताना एक भान राखणे इष्ट ठरते. हे निश्चय बहुधा साधकांचे व विरक्तांचे असत. प्रपंचातल्या सामान्य रुग्णाला, विशेषतः स्त्रियांना, त्यांची इच्छा विचारली जाईच असे नाही.

पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असलेल्या कस्तुरबा गांधी यांच्या शेवटच्या आजाराचा वृत्तांत या दृष्टीने बोलका आहे. हृदयविकार व फुप्फुसदाह यांनी त्या १९४४ च्या फेब्रुवारीत अत्यवस्थ झाल्या. आयुर्वेदीय वैद्यांचा उपचार मिळावा, ही त्यांची स्वतःची इच्छा होती व सरकारची परवानगी मिळण्यास विलंब लागला. अखेरच्या दिवशी कलकत्त्याहून विमानाने पेनिसिलीन आणण्यात आले. ते द्यावे, असा पुत्र देवदास यांचा आग्रह होता. दर काही तासांनी सुई टोचावी लागणार, हे कळल्यावर आता तिला यातना देऊ नयेत, अशी भूमिका महात्मा गांधींनी घेतली. औषध दिले गेले नाही व २२ फेब्रुवारी रोजी कस्तुरबांचे निधन झाले. पेनिसिलिनाने त्या वाचल्या असत्या काय, हा वाद आजही निघतो. परंतु त्या प्रसंगी बोलले ते पती आणि पुत्र, ही बाब त्याहून महत्त्वाची आहे. वैद्यकीय देखभाल करणाऱ्यांत डॉ. गिल्डर यांच्यासमवेत सुशीला नायर होत्या. त्यांनीच पुढे १९६९ मध्ये सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले.

विनायक दामोदर सावरकर यांनी १९६६ च्या फेब्रुवारीत अन्न व औषधे सोडली आणि २६ फेब्रुवारीस मुंबईत देह ठेवला. आत्महत्या व आत्मार्पण यांतील भेद त्यांनी आधीच एका लेखात मांडला होता. विनोबा भावे यांना १९८२ च्या नोव्हेंबरात पवनार येथे हृदयविकाराचा झटका आला. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी व औषधे घेणे थांबविले आणि १५ नोव्हेंबर रोजी, ऐन दिवाळीत, त्यांचे निर्वाण झाले. भोवती डॉक्टर व औषधे असताना आणि देशभरातून विनवण्या होत असताना त्यांनी उपचार नाकारला. असाध्यतेचा दाखला नसतानाही भानावर असलेल्या माणसाचा नकार मानला गेला, याचे ते सार्वजनिक उदाहरण ठरले. विनोबांचा शब्द मोडण्याचे धैर्य कोणास नव्हते, हेही त्यामागचे एक कारण होय. सामान्य रुग्णाच्या शब्दाला ते वजन नसते.

याच सुमारास मुंबईत हा विषय चळवळीच्या रूपाने पुढे आला. मिनू मसानी (१९०५–९८) यांनी १९८१ मध्ये सन्मानपूर्वक मरणाच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली. प्रा. सदानंद वर्दे यांनी १९८५ मध्ये महाराष्ट्र विधान परिषदेत अशासकीय विधेयक मांडले. असाध्य रुग्णाच्या विनंतीवरून उपचार न देणाऱ्या डॉक्टरास संरक्षण देणे, हा त्याचा आशय होता. ते संमत झाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे भारतीय दंडसंहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये तेच मत घेतले, पण १९९६ मध्ये ज्ञानकौर खटल्यात ते फिरविले. मात्र या शेवटच्या निकालातच, सुरू झालेली मृत्यूची प्रक्रिया सन्मानाने पुरी होऊ देणे हे जगण्याच्या हक्काशी विसंगत नाही, असे सूचित करण्यात आले होते. पुढील सर्व घडामोडींचा आधार ते वाक्य ठरले. दरम्यान १९८६ मध्येच मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन सुरू झाले. असाध्य कर्करुग्णांच्या अखेरच्या शुश्रूषेसाठी निघालेली ती भारतातील पहिली संस्था होय. कायद्याच्या वादांइतकी प्रसिद्धी तिला लाभली नाही. पण वेदना शमली असता मरणाची मागणी मावळते, हा अनुभव अशाच ठिकाणी येतो.

अरुणा शानबाग प्रकरण : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच एका सफाई कामगाराने अमानुष हल्ला केला. गळ्याभोवती साखळी आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला व त्या कायमच्या विकल अवस्थेत गेल्या. रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला व अन्न देणे थांबविण्याची अनुमती मागितली. न्यायालयाने मुंबईतील तीन तज्ञ डॉक्टरांकडून तपासणी करविली आणि ७ मार्च २०११ रोजी निर्णय दिला. अर्ज फेटाळला गेला, परंतु उच्च न्यायालयाच्या संमतीने जीवनाधार काढून घेता येतो, हे तत्त्व प्रथमच मान्य झाले.

या निकालातील सर्वांत मार्मिक भाग रुग्णाच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा, यासंबंधीचा आहे. अरुणा स्वतः काहीही सांगू शकत नव्हत्या. १९७३ पूर्वी अशा अवस्थेविषयी त्यांनी काही म्हटल्याचा पुरावा नव्हता. आप्त दुरावले होते. न्यायालयाने विराणी यांच्याऐवजी रुग्णालयाच्या कर्मचारीवर्गास त्यांचा निकटचा स्नेही मानले, कारण सदतीस वर्षे अन्न भरविणारे व कूस बदलणारे हात त्यांचे होते. त्या वर्गाला अरुणा जगाव्यात असे वाटत होते. रक्ताच्या नात्याहून शुश्रूषेचे नाते वरचढ ठरविणारा हा विचार भारतीय विधीत नवा होता. त्यावर आक्षेपही घेता येतो : शुश्रूषा करणाऱ्याचा जिव्हाळा व रुग्णाचे हित नेहमीच एक असतात, असे नाही. मे २०१५ मध्ये अरुणांना फुप्फुसदाह झाला, तेव्हा त्यांना श्वसनयंत्रावर ठेवण्यात आले आणि १८ मे रोजी त्यांचे निधन झाले. ज्या निकालामुळे यंत्र नाकारण्याची वाट खुली झाली, त्या निकालाच्या नायिकेचा अंत यंत्रावरच झाला.

‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या २००५ मधील अर्जावर पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी निर्णय देऊन आगाऊ वैद्यकीय निदेशास मान्यता दिली. यास मराठीत वैद्यकीय इच्छापत्र म्हणतात. मृत्युपत्र मरणानंतर अमलात येते. हे पत्र त्याआधी अमलात यावयाचे असते, म्हणून दोहोंचे शब्दसाम्य फसवे आहे. २०१८ च्या नियमांनुसार पत्रावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी आवश्यक होती व ती जवळजवळ कोणालाच मिळवता आली नाही. अतिदक्षता तज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने, जिची स्थापना १९९३ मध्ये मुंबईत झाली व जिने २००५ पासून या विषयावर मार्गदर्शक सूत्रे तयार केली होती, नियम सुलभ करण्याची विनंती केली. त्यानुसार २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने दोन साक्षीदारांसमक्ष नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याने केलेले साक्षांकन पुरेसे ठरविले. निर्णयासाठी दोन वैद्यकीय मंडळे व त्यांतील तज्ञांस किमान पाच वर्षांचा अनुभव, अशी व्यवस्था ठरली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० मध्ये ‘पुनरुज्जीवनाचा प्रयत्न करू नये’ या आदेशासंबंधी स्वतंत्र सूत्रे प्रसिद्ध केली. रुग्ण सज्ञान असल्यास प्रथम त्याच्याशीच बोलावे, प्रकृतीत बदल झाल्यास आदेशाचा फेरविचार करावा आणि या आदेशामुळे अन्य उपचारांत कसूर होऊ नये, हे त्यांचे सार होय.

तालुक्याच्या ठिकाणची स्थिती : या सर्व व्यवस्थेची रचना मोठ्या शहरातील रुग्णालय डोळ्यांपुढे ठेवून झालेली आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण नागपूर–हैदराबाद महामार्गावर, तेलंगणच्या सीमेजवळ आहे. जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळ येथे, म्हणजे सु. ७० किमी.वर व नागपूरची मोठी रुग्णालये सु. १५० किमी.वर आहेत. हृदय थांबल्यानंतर चार ते सहा मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते. तेव्हा आडगावच्या पाड्यावर किंवा शेतात हृदय थांबलेल्या माणसाबाबत पुनरुज्जीवनाची इच्छा हा प्रश्न बहुधा उद्‌भवतच नाही. अशा गावी तो वेगळ्या रूपात व आधीच पुढे येतो : अत्यवस्थ माणसास पुढे न्यावे की घरी न्यावे? डॉक्टर ‘मोठ्या दवाखान्यात हलवा’ म्हणतो त्या क्षणी, रुग्णवाहिकेच्या दाराशी, पुनरुज्जीवनाचा निर्णय प्रत्यक्षात होऊन जातो. तो निर्णय आहे याची जाणीवही पुष्कळदा कोणास नसते. ‘आता घरी न्या, सेवा करा’ हे वाक्य विदर्भातील घराघरांत परिचित आहे. त्यात वैद्यकीय निदान, दिलासा व असहायता या तिन्हींची सरमिसळ असते, आणि ते रुग्णाला उद्देशून क्वचितच उच्चारले जाते.

येथे खर्चाचा भाग मोठा आहे. यंत्रावरील एकेक दिवस कोरडवाहू शेतीवर जगणाऱ्या कुटुंबास कर्जात लोटू शकतो. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली व २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. तिच्यामुळे उपचारांचा भार पुष्कळ हलका झाला. तथापि सोबतच्या माणसांचे राहणे-जेवणे आणि बुडालेली मजुरी यांची भरपाई ती करीत नाही. वृद्ध रुग्ण ‘मला नेऊ नका’ म्हणतो, तेव्हा ती त्याची मरणाविषयीची धारणा असते, की मुलाच्या अंगावर कर्ज नको ही काळजी, हे वेगळे करणे कठीण असते. परिस्थितीच्या दडपणातून आलेला नकार स्वेच्छेचा मानावा काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे जवळजवळ आलेला नाही. उलट, अखेरपर्यंत सर्व केले हे भावकीस दिसावे, म्हणून रुग्णाच्या मनाविरुद्ध नागपूर गाठणारी कुटुंबेही असतात. शेत विकून केलेला उपचार लोकदृष्ट्या पुत्रधर्म ठरतो. तो थांबविणाऱ्या मुलाला मात्र उत्तर द्यावे लागते.

नकाराच्या बाजूने फार सहज झुकू नये, याचा धडाही याच जिल्ह्याने दिला आहे. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना यवतमाळ जिल्ह्यात शेकडो शेतकरी व मजूर विषबाधित झाले आणि वीसहून अधिक मृत्यू पावले. फॉस्फरसयुक्त कीटकनाशकांच्या विषबाधेत श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. रुग्णास काही दिवस ते काही आठवडे श्वसनयंत्र लागते, परंतु तो काळ निभावल्यास तो पूर्ण बरा होऊन पुन्हा वावरात जाऊ शकतो. नाग व मण्यार यांच्या दंशाचेही तसेच आहे. एकदा मशीनवर गेलेला माणूस परत येत नाही, ही जनमानसातील समजूत कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेत पुष्कळ अंशी खरी, पण फवारणीच्या वा सर्पदंशाच्या तरुण रुग्णाबाबत साफ चुकीची व प्राणघातक आहे. त्या समजुतीचा उगमही समजण्यासारखा आहे : उपचारास उशीर झालेले रुग्णच गावकऱ्यांनी यंत्रावर पाहिलेले असतात. २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह राज्यात सुरू झालेल्या १०८ क्रमांकाच्या सेवेने हे अंतर काहीसे कमी केले.

भाषेचा अडसर हा आणखी एक घटक. या भागात मराठीखेरीज गोंडी, कोलामी, तेलुगू व बंजारा बोली घराघरांत बोलल्या जातात. कोलामांची गणना तर विशेष दुर्बल आदिम जमातींत होते. संमतीची कागदपत्रे मराठी वा इंग्रजीत असतात आणि समजावून सांगण्याचे काम बहुधा शिकलेला नातू करतो. आजीला तिच्याच मरणाविषयी नातवाने काय विचारावे? तो प्रश्न सौम्य करतो किंवा गाळतो, आणि कागदावर उमटते ती नातवाची इच्छा. निदान रुग्णापासून लपविण्याची महाराष्ट्रात सर्वत्र आढळणारी रीत येथे भर घालते. कर्करोग झाला आहे हेच ज्याला सांगितलेले नाही, त्याला पुनरुज्जीवन हवे की नको, हे विचारण्याचा मार्गच बंद होतो. घरच्यांचा हेतू मायेचा असतो, पण तिची किंमत रुग्ण एकाकीपणाने मोजतो. कारण पुष्कळदा त्याला सर्व समजलेले असते व तोही घरच्यांसाठी न समजल्याचे नाटक करीत असतो.

वेदनेचे भय इच्छेवर सर्वांत खोल परिणाम करते. श्वास कोंडणे आणि असह्य दुखणे यांवर मॉर्फीन गुणकारी आहे. पण अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यामुळे ते मिळविणे दुरापास्त झाले होते. त्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन परवान्यांची पद्धत सोपी करण्यात आली. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये परिहारसेवेचे धोरण स्वीकारले. तथापि जेथे घरपोच वेदनाशमन मिळत नाही, तेथे रुग्णापुढे दोनच पर्याय उरतात : यंत्र किंवा तळमळ. अशा स्थितीत त्याने केलेली निवड त्याच्या खऱ्या इच्छेची द्योतक मानता येत नाही. सिकलसेल या रक्तविकाराने पीडित असे अनेक तरुण विदर्भात आहेत. तीव्र वेदना त्यांच्या जन्माची सोबती असली, तरी तिच्या झटक्यात उच्चारलेले ‘आता नको’ हे शब्द मरणाविषयी नसून दुखण्याविषयी असतात.

कार्यवाही : इच्छापत्राची एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवावी, असे न्यायालयाने सांगितले आहे. असे अधिकारी नेमले जात नाहीत म्हणून मुंबईतील स्त्रीरोगतज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मुंबई महानगरपालिकेने प्रभागांच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे हे काम सोपविले. गोव्यात २०२४ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचे इच्छापत्र नोंदवून त्या राज्यातील नोंदणीस आरंभ केला. पत्र करणारा सज्ञान व स्वस्थचित्त असावा लागतो. तो ते केव्हाही लेखी बदलू वा रद्द करू शकतो. आपल्या वतीने बोलणाऱ्या एक वा अधिक विश्वासू व्यक्तींची नावे त्यात लिहावी लागतात. या व्यक्ती नातेवाईक असल्यास उत्तम, परंतु ज्याला इच्छा पाळणे झेपेल असा मनुष्य निवडणे अधिक महत्त्वाचे. रुग्णावर सर्वांत जास्त जीव असलेला माणूसच ‘थांबा’ म्हणण्यास बहुधा सर्वांत असमर्थ असतो. इच्छापत्र न करता बेशुद्ध झालेल्या रुग्णाबाबत कुटुंबीयांच्या संमतीने तीच दोन मंडळे निर्णय घेतात. पांढरकवड्यासारख्या ठिकाणी नोटरी व राजपत्रित अधिकारी सहज उपलब्ध असल्याने पत्र करणे आता अवघड नाही. मंडळाचे तज्ञ मात्र बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणीच मिळतात. त्यामुळे घरी मरावयाचे असे लिहून ठेवलेल्या रुग्णाला, ते कायद्याने मान्य करवून घेण्यासाठी, एकदा तरी घर सोडावे लागते.